डब्यातील लहान कप्पा

शाळेच्या डब्याकडे घराघरांत पाहिले जाते ते मुख्यतः पोटभरीचे साधन म्हणून. डबा रिकामा परतला की तो साधला आणि पोळीचे अर्धवट तुकडे घेऊन परतला की तो फसला, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. ज्या मुलाचे खाणे मोजक्याच पदार्थांभोवती फिरते, त्याच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो. कारण पोळी आणि बटाट्याची भाजी रोज दिली तर डबा रोज रिकामा परतेल, पण मुलाच्या आहाराची कक्षा तसूभरही वाढणार नाही, आणि एके दिवशी अचानक दोडक्याची भाजी भरून दिली तर डबा तसाच परत येईल व मूल दुपारपर्यंत उपाशी राहील. ही कोंडी सुटते ती डब्याची दोन कामे वेगळी मानली तर. मोठ्या कप्प्याने मुलाचे पोट भरावे आणि लहान कप्प्याने त्याची एखाद्या पदार्थाशी ओळख वाढवावी; पहिल्या कप्प्याचे यश रिकामेपणात मोजावे, दुसऱ्याचे मात्र तसे मोजू नये.

ही विभागणी का करावी लागते, हे समजण्यासाठी मुलांच्या नकाराचे स्वरूप पाहिले पाहिजे. अनोळखी अन्नाला केवळ ते अनोळखी आहे म्हणून दूर सारण्याच्या प्रवृत्तीला मानसशास्त्रात ‘अन्न-नवभय’ म्हटले जाते, तर ओळखीच्याही पदार्थांपैकी बरेचसे नाकारून अगदी थोडक्यांवर भागवण्याच्या सवयीला सामान्यतः चोखंदळपणा म्हणतात. या दोन गोष्टी बहुधा एकत्र आढळत असल्या तरी त्या एकच नव्हेत. पहिल्या प्रवृत्तीचे मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९७६ मध्ये ‘सर्वभक्षी प्राण्याची कोंडी’ या नावाने मांडले. फक्त गवत खाणाऱ्या प्राण्याला काय खावे याचा प्रश्न पडत नाही. माणसासारख्या सर्वभक्षी प्राण्याला मात्र पोषणासाठी विविध पदार्थ खावे लागतात आणि त्याच वेळी प्रत्येक नव्या पदार्थात विष असण्याचा धोकाही पत्करावा लागतो, त्यामुळे कुतूहल आणि संशय या दोन्ही वृत्ती त्याच्यात एकत्र नांदतात.

संशयाचा हा भाग वयानुसार कमी-जास्त होतो. वरच्या अन्नाची सुरुवात होते त्या काळात, म्हणजे सहाव्या महिन्यानंतर, बाळ बहुतेक गोष्टी तोंडात घेते. दोन वर्षांच्या सुमारास, म्हणजे मूल स्वतःच्या पायांनी फिरून हाताला येईल ते तोंडात घालू शकते तेव्हा, नकाराचे प्रमाण वाढू लागते, सहाव्या वर्षापर्यंत ते चढे राहते आणि पुढे हळूहळू ओसरते. डबा घेऊन बालवाडीत किंवा पहिलीत जाण्याचे वय नेमके याच चढत्या काळात येते. शिवाय ही प्रवृत्ती सगळ्या मुलांत सारखी नसते. आठ ते अकरा वर्षांच्या जुळ्या भावंडांच्या एका ब्रिटिश अभ्यासात, २००७ साली, मुलामुलांमधील अन्न-नवभयाच्या फरकांपैकी सुमारे ७८ टक्के वाटा आनुवंशिकतेकडे जातो असे दिसून आले. याचा अर्थ नकार अटळ आहे असा नव्हे. पण एका भावंडाने सगळे खाल्ले आणि दुसऱ्याने काहीच खाल्ले नाही, तर त्यात आईच्या लाडांचा किंवा मुलाच्या हट्टीपणाचा दोष शोधण्यात फारसे तथ्य नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

संशय ओसरण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे पुनःपुन्हा होणारी भेट. एखादी गोष्ट वारंवार समोर आल्यानेच ती आवडू लागते, हे तत्त्व रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये मांडले, आणि लहान मुलांच्या खाण्याला ते कसे लागू पडते हे लीअन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातील प्रयोगांतून दाखवले. त्यांच्या १९८२ च्या प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ कमी-अधिक वेळा चाखायला दिले गेले, तेव्हा जो पदार्थ जितक्या अधिक वेळा तोंडात गेला तितकी त्याची पसंती वाढली. पुढे १९८७ मध्ये याच गटाने आणखी एक बारकावा पुढे आणला: पदार्थ नुसता पाहिल्याने तो दिसायला बरा वाटू लागतो, पण त्याची चव आवडण्यासाठी तो चाखावाच लागतो. म्हणूनच लहान कप्प्यात भाजी रोज ठेवणे ही पहिली पायरी आहे, पण ती तेवढ्यावर थांबली तर मूल त्या भाजीला केवळ शेजारीण म्हणून ओळखेल. तिचा कणभर तरी जिभेवर जाईल अशी सोय करावी लागते, आणि ही सोय बहुधा घरच्या ताटातच होते.

येथे डब्याची पहिली मर्यादा स्पष्ट होते. सकाळी सात वाजता भरलेला डबा मधल्या सुट्टीत उघडतो तेव्हा आतले अन्न गार झालेले असते, दुधीला पाणी सुटलेले असते, भेंडी चिकट झालेली असते, तूप थिजलेले असते, आणि खाण्यासाठी अनेक शाळांत दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ नसतो. झाकणाखाली कोंडलेला वास ही आणखी एक अडचण आहे: कोबी, मुळा आणि उकडलेले अंडे यांतील गंधकयुक्त संयुगांचा वास डबा उघडताच एकदम बाहेर पडतो आणि शेजारच्या मुलाने नाक मुरडून ‘शी!’ म्हटले की तो पदार्थ त्या वर्गापुरता बाद होतो. कोणत्याही पदार्थाची पहिली भेट या परिस्थितीत घडवणे म्हणजे त्याला सर्वांत वाईट रूपात पुढे करणे होय. त्यामुळे नवा पदार्थ आधी घरी, गरम असताना, सुट्टीच्या दिवशी ताटात चिमूटभर वाढावा, दोन-तीन वेळा चाखून झाल्यावरच तो डब्याच्या लहान कप्प्यात जावा, आणि वासाच्या किंवा पाणी सुटणाऱ्या भाज्यांसाठी तर घरचे ताटच राखून ठेवावे.

डब्याची दुसरी बाजू मात्र त्याला अनुकूल आहे, आणि ती म्हणजे तेथे आईवडील नसतात. मुलांच्या आहारावर लेखन करणाऱ्या अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी ‘जबाबदारीची विभागणी’ या नावाने एक तत्त्व रूढ केले आहे. काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे, असे त्याचे सार आहे. घरच्या ताटावर हे तत्त्व पाळणे अवघड जाते, कारण ‘एवढा घास संपव’ हे शब्द आपोआप तोंडून निघतात. आग्रहाचा परिणाम उलटा होतो हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसले: बालवाडीच्या वयाच्या मुलांना काही आठवडे दोन सूप देण्यात आली, त्यांपैकी एक संपवण्याबद्दल वारंवार सांगितले गेले, तर दुसऱ्याबद्दल काहीच म्हटले गेले नाही, आणि ज्याबद्दल काही म्हटले नव्हते ते मुलांनी अधिक प्यायले व त्याला नावेही कमी ठेवली. मधल्या सुट्टीत आग्रह करणारे कोणी नसल्याने ही विभागणी तेथे आपोआप घडते; फक्त संध्याकाळी दप्तरातून डबा काढताना घेतली जाणारी उलटतपासणी ती मोडून टाकणार नाही, एवढी काळजी घ्यावी लागते.

आईवडिलांच्या जागी तेथे सोबती असतात, आणि त्यांचा प्रभाव कमी नसतो. बर्च यांच्याच १९८० च्या एका प्रयोगात, एक भाजी आवडणाऱ्या मुलाला दुसरी भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांबरोबर जेवायला बसवले असता, चार दिवसांच्या आत ते मूल बरोबरीच्यांची भाजी निवडू लागले. मराठी शाळांतील अंगतपंगत, म्हणजे सर्वांनी गोल करून बसणे आणि आपापल्या डब्यातले एकमेकांना देणे, ही प्रथा याच तत्त्वावर उभी आहे, आणि तिच्यामागे गोपाळकाल्याची आठवण आहे: कृष्णाच्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवून खाल्ल्या, त्या काल्यात कोणाची शिदोरी कोणती हा प्रश्न उरला नाही. प्राथमिक शाळांतील मुलांना पोषण आहार पुरवण्याची जी राष्ट्रीय योजना १९९५ साली सुरू झाली आणि २०२१ पासून ‘पीएम पोषण’ या नावाने ओळखली जाते, तिच्या पंगतीतही सर्वांच्या ताटात तीच खिचडी किंवा उसळ असल्याने एकमेकांकडे पाहून खाण्याचा परिणाम घडू शकतो. घरून डबा नेणाऱ्या मुलासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की लहान कप्प्यातला पदार्थ हाताने उचलता येईल आणि वाटता येईल अशा आकारात, म्हणजे वडीच्या, मुठ्याच्या किंवा लहान धिरड्याच्या रूपात, दोन तुकडे जास्त घालून द्यावा. शाळेने ॲलर्जीच्या कारणाने वाटून खाण्यास मनाई केली असेल तर ती अर्थातच पाळावी.

आता प्रश्न उरतो तो लहान कप्प्यात नेमके काय ठेवायचे याचा, आणि येथे चोखंदळ मुलाच्या मनाचा एक विशेष ध्यानात घ्यावा लागतो. अशा मुलाला पुड्यातील बिस्किट किंवा वेफर जवळचा वाटतो तो केवळ गोड-खारट चवीमुळे नव्हे, तर तो दर वेळी तंतोतंत तसाच असतो म्हणून. भेंडी मात्र कधी कोवळी असते, कधी जून, कधी कुरकुरीत, कधी तारेची. म्हणून नवा पदार्थ निवडताना जुन्याशी त्याचे बहुतेक गुण जुळावेत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, या पद्धतीला ‘अन्नसाखळी’ म्हणता येईल. बटाट्याच्या काचऱ्या खाणाऱ्या मुलासाठी तीच चकत्यांची कापणी, तीच मोहरी-हळदीची फोडणी आणि तोच खरपूसपणा ठेवून आधी रताळ्याच्या, मग कच्च्या केळ्याच्या आणि नंतर सुरणाच्या काचऱ्या करता येतात. पहिल्या पायरीला बटाट्याच्या काचऱ्यांत रताळ्याच्या दोनच चकत्या मिसळलेल्या असल्या तरी पुरे. गव्हाच्या पोळीवरच अडलेल्या मुलाच्या कणकेत आधी मूठभर ज्वारीचे पीठ, मग हळद-तिखट घातलेले धपाटे, मग भाजणीचे थालीपीठ आणि शेवटी घरच्या ताटात गरम भाकरीचा पापुद्रा, अशी चढण बांधता येते. मूगडाळीचे धिरडे आवडणाऱ्याला त्याच धिरड्यात किसलेले गाजर, पुढे चिरलेला पालक आणि मग अख्ख्या मुगाला मोड आणून केलेली कोरडी उसळ, असा मार्ग सापडतो.

मराठी स्वयंपाकघराला हे साखळ्या बांधणे नवे नाही. कोथिंबिरीची वडी, मेथीचे मुठे, कोबीची वडी, काकडीचे थालीपीठ, अळूवडी हे सर्व पदार्थ पालेभाजी किंवा फळभाजी पिठात बांधतात आणि तरीही ती डोळ्यांना दिसेल अशी ठेवतात. दिसण्याचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आजकाल भाजी शिजवून, वाटून, पोळीत वा सॉसमध्ये मुलाच्या नकळत मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने पोटात भाजी जाते हे खरे, आणि आजारपणात किंवा वजन घटलेल्या मुलासाठी तेवढेही मोलाचे असते. परंतु जो पदार्थ ओळखूच आला नाही त्याच्याशी ओळख वाढत नाही, आणि लबाडी उघडी पडली तर मूल आजवर निर्धोक मानलेल्या पोळीकडेही संशयाने पाहू लागते. पराठ्यात बीट घातले असेल तर तो लालच दिसू द्यावा, आणि विचारल्यास बिटाचे नाव घ्यावे.

साखळीतील आणखी एक अडथळा लाल भोपळ्याच्या उदाहरणातून नीट समजतो. बर्च यांनी सुझन सलिव्हन यांच्यासह १९९० मध्ये केलेल्या एका अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांना टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, पंधरा वेळा दिले गेले. काहींना साधे, काहींना गोड, काहींना खारट. पंधरा भेटींनंतर प्रत्येक मुलाला आवडू लागला तो त्याने चाखलेलाच प्रकार, आणि गोड टोफू आवडणाऱ्याची आवड साध्या टोफूपर्यंत पोहोचली नाही. मूल पदार्थाशी नव्हे, तर त्याच्या एका विशिष्ट रूपाशी मैत्री करते, असा याचा अर्थ होतो. लाल भोपळ्याचे घारगे, म्हणजे भोपळ्याचा कीस गुळात शिजवून त्यात मावेल तेवढी कणीक मळून तळलेल्या गोड पुऱ्या, बहुतेक मुले आनंदाने खातात, पण म्हणून ती भोपळ्याची भाजी खातील असे नाही. मधल्या पायऱ्या मुद्दाम बांधाव्या लागतात. पहिल्या आठवड्यात नेहमीचे घारगे द्यावेत आणि कीस काढायला मुलालाच बसवावे, म्हणजे केशरी रंग कोठून आला ते त्याला कळेल. पुढे गूळ निम्म्यावर आणावा. त्यानंतर गूळ वगळून त्याच कणकेत ओवा, तीळ, मीठ आणि किंचित तिखट घालून त्याच आकाराच्या पुऱ्या कराव्यात. चव बदलली तरी रंग, आकार आणि पुरीपण जुनेच राहते. मग पुरी तळण्याऐवजी तव्यावर दशमीसारखी भाजावी, आणि या सर्व काळात घरच्या ताटात भोपळ्याचे दाण्याचे कूट घातलेले भरीत किंवा मेथीदाण्याच्या फोडणीची भाजी चमचाभर वाढत राहावी. शेवटी त्याच भाजीच्या दोन फोडी, नीट कोरड्या करून, लहान कप्प्यात पुरीशेजारी ठेवाव्यात. या वाटेला दोन महिने लागले तर तो वेळ वाया गेला असे समजण्याचे कारण नाही.

बक्षिसाच्या वापराबाबत थोडी सावधगिरी हवी. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ हा सौदा मुलाला नकळत असे शिकवतो की भाजी ही सोसायची गोष्ट आहे आणि चॉकलेट ही मिळवायची. बर्च यांच्या १९८४ च्या प्रयोगात बक्षिसासाठी प्यायलेल्या पेयाची आवड मुलांमध्ये घटलेली आढळली. मात्र लंडनमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नावडत्या भाजीचा एक लहानसा तुकडा चाखण्याबद्दल चिकटचित्र दिल्याने चार ते सहा वर्षांच्या मुलांचे त्या भाजीचे खाणे वाढले आणि तीन महिन्यांनंतरही टिकले. दोन्ही निष्कर्षांत विसंगती दिसत असली तरी तीतून एक उपयुक्त मर्यादा निघते: बक्षीस खाण्याच्या वस्तूचे नसावे, ते संपवण्याबद्दल नव्हे तर चाखून पाहण्याबद्दल असावे, आणि चाखणे एका कणाचे असले तरी ते मोजले जावे.

सुरक्षिततेचे काही नियम या सर्वांच्या आधी येतात. शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, कारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अन्नसुरक्षेचे सूत्र आहे; शाळेचा डबा ही मर्यादा अनेकदा ओलांडतो, म्हणून त्यात भाजलेले, तळलेले, कोरडे पदार्थ ठेवणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, दुधाचे पदार्थ किंवा रात्रीचा उरलेला भात, विशेषतः उन्हाळ्यात, टाळणे शहाणपणाचे ठरते. वाफ निघून जाण्याआधी झाकण लावले तर आत पाणी साचते, त्यामुळे पदार्थ लिबलिबीत होतो आणि लवकर आंबतो. बालवाडीच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा अख्खी द्राक्षे देऊ नयेत, कारण ती श्वासनलिकेत अडकू शकतात; दाणे कुटून आणि द्राक्षे उभी चिरून द्यावीत.

काही मुलांच्या बाबतीत डब्याची ही सौम्य पद्धत पुरत नाही, आणि ते वेळीच ओळखावे लागते. वजन थांबले किंवा घटले, अन्नाचे संपूर्ण गट, उदाहरणार्थ सर्व भाज्या व सर्व डाळी, वर्षानुवर्षे बाहेरच राहिले, घास घशात अडकण्याची भीती किंवा पदार्थाच्या स्पर्शाने उमासे येऊ लागले, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या निदान-पुस्तिकेत अशा टोकाच्या स्थितीला स्वतंत्र खाण्याच्या विकाराचे स्थान दिले आहे. त्याहून साधी कारणेही तपासावीत: लोहाची कमतरता आणि जुनाट बद्धकोष्ठता यांनी भूक मंदावते, आणि दिवसभरात भांडेभर दूध पिणाऱ्या मुलाला जेवणाच्या वेळी भूक उरलेलीच नसते. शाळेतून परत आल्यावर बिस्किटांचा पुडा हाताशी असेल, तर मधल्या सुट्टीतला डबा न खाण्याचे नुकसानही मुलाला फारसे जाणवत नाही.

अशा रीतीने पाहिल्यास संध्याकाळी परत आलेला डबा हा निकाल राहत नाही, ती एक नोंद ठरते. मोठा कप्पा रिकामा असेल तर मुलाचे पोट भरले, एवढे कळते. लहान कप्प्यातील भोपळ्याच्या दोन फोडींपैकी एकीचा कोपरा दातांनी कुरतडलेला असेल, तर चाखणे घडले हे कळते. दोन्ही फोडी जशाच्या तशा असतील, तर पाहणे तरी घडले, आणि पुरीकडे एक पायरी मागे जाऊन पुन्हा चढावे लागेल हेही कळते. ‘का नाही खाल्लेस?’ हा प्रश्न न विचारता ती नोंद वाचणारे घर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लहान कप्प्यात काय ठेवायचे हे अधिक अचूक ठरवू शकते, आणि उरलेली फोड गाईच्या डब्यात टाकण्याआधी मुलाच्या देखत स्वतः खाणारे पालक असतील, तर त्या दिवशीची भेट एका परीने पूर्णही होते.